आइस पॅक होता, तरी मऊ प्रवाळ मेले: पुण्यात येणाऱ्या बॉक्सचं तापमान कुठे बिघडतं?

एप्रिल लागला की पुण्यातल्या रीफ टँकवाल्यांची, म्हणजे घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ (कोरल) पाळणाऱ्यांची, एक तक्रार सुरू होते आणि जूनमधला पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. बॉक्स मुंबईहून नाहीतर बेंगळुरूहून आला, थर्माकोल बरा होता, टेप घट्ट मारलेली, आत आइस पॅकसुद्धा होता. उघडून बघावं तर झेनिया या मऊ प्रवाळाचा लगदा झालेला, लेदर कोरल कोपऱ्यात काळवंडलेलं आणि पिशवीच्या पाण्याला सडका वास. डिसेंबर-जानेवारीत हीच तक्रार उलट्या बाजूने येते: हीट पॅक टाकला होता, तरी झोआ (फुलासारखे उघडणारे छोटे प्रवाळ) आठवडा झाला उघडत नाहीत. विक्रेता म्हणतो पॅकिंग चोख होतं. पार्सलवाला म्हणतो बॉक्स वेळेत पोचवला. आणि बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात, म्हणून तर भांडण मिटत नाही.

या सगळ्या तक्रारी ऐकून माझं मत पक्कं झालंय ते असं: चालत्या गाडीत बॉक्स फारसा बिघडत नाही, तो जिथे पडून राहतो तिथे बिघडतो. आणि आत टाकलेला आइस पॅक किंवा हीट पॅक बऱ्याचदा औषधापेक्षा दुखणंच जास्त होतो. पॅक न टाकता, नुसती वेळ आणि पाण्याचं वजन नीट निवडून वर्षातले बरेचसे महिने निभतात.

पुढे जाण्याआधी कायद्याचं बोलून घेतो, कारण हा प्रश्न फोनवर हमखास येतो. चुनखडीचा टणक सांगाडा असणारे सगळे खरे प्रवाळ, म्हणजे ॲक्रोपोरा, ब्रेन, हॅमर ही मंडळी, शिवाय काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि सी फॅन, हे सगळे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. ते मागवायचे नाहीत, विकायचे नाहीत, ‘मित्राकडून फ्रॅग (कापलेला तुकडा) घेतला’ म्हणूनही चालत नाही. इथलं सगळं झोआ, मशरूम, लेदर, झेनिया अशा मऊ प्रवाळांबद्दल आणि हॅचरीत वाढलेल्या क्लाउनफिशबद्दल आहे. तेही पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्या.

आधी बॉक्स वाचा

बॉक्स आला की घाईने पिशव्या सोडू नका. झाकण उघडल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत जे कळतं ते नंतर कितीही विचारलं तरी कळत नाही.

पिशव्या एकेक हातात घ्या आणि कुठली पिशवी कुठे होती ते लक्षात ठेवून बघा. सगळ्या पिशव्या सारख्याच कोमट असतील तर बाहेरची उष्णता भिंतींतून सावकाश आत आलेली आहे. म्हणजे बॉक्स कुठेतरी तासन्‌तास तापत पडला होता. एकाच बाजूच्या पिशव्या गरम असतील तर ती बाजू कशाला तरी टेकलेली होती: इंजिनाकडची डिकी, उन्हात तापलेली पत्र्याची भिंत, टेम्पोचा तळ. एकच पिशवी बर्फगार आणि बाकीच्या ठीक असतील तर आइस पॅक तिला चिकटून बसला होता, बाहेरच्या कोणाचा दोष नाही. वरच्या बऱ्या आणि खालच्या गार, हेही आइस पॅकचंच काम, कारण गार हवा खाली उतरते.

आता पॅक हातात घ्या. आइस पॅकमधलं पाणी पिशव्यांइतकंच कोमट असेल तर तो वाटेत केव्हाच संपला होता. पॅकमध्ये अजून बर्फाचा गोळा शिल्लक असेल आणि तरी कोरल मेलं असेल तर उष्णतेला दोष देऊ नका. एक तर त्याला थंडी बाधली, नाहीतर पिशवीतलं पाणीच आधी खराब होतं.

हीट पॅकची परीक्षा याहून मजेशीर आहे. त्यात लोखंडाची बारीक पूड असते, तिला हवेतला ऑक्सिजन लागला की ती गंजते आणि गंजताना उष्णता सोडते. पूर्ण वापरलेला पॅक दाबून पाहिला तर कडक, ढेकळासारखा लागतो. बॉक्समधून निघालेला पॅक मऊ, भुसभुशीत आणि थंड असेल, आणि टेबलावर पाच-दहा मिनिटं ठेवल्यावर हळूहळू गरम व्हायला लागला, तर समजा की तो सगळ्या प्रवासात उपाशी होता. बॉक्स इतका हवाबंद केला की पूड पेटलीच नाही. जानेवारीतल्या तक्रारींत हा प्रकार इतका आढळतो की मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: पॅक दाबून बघितलात का?

शेवटी पाणी. तापमान ठीक आहे पण पाणी दुधाळ आणि पिशवीच्या आतून चिकट स्रावाचे धागे लोंबतायत, तर कोरल ताजं कापून लगेच पाठवलेलं असू शकतं. कापल्यावर जखम भरायला त्याला आठवडा-दीड आठवडा तरी लागतो. त्याआधी पिशवीत कोंबलं तर स्रावानेच पाणी कुजतं, आणि मग पंचविसाव्या अंशालाही ते मरतं. तापमानाच्या नावावर खपणाऱ्या मरतुकीतला बराच भाग असा असतो, असा माझा संशय आहे.

किती चालतं, किती नाही

घरच्या टँकमध्ये आपण २५-२६ अंश धरतो. मऊ प्रवाळांना काही तास २२ ते २८ मध्ये कुठेही ठेवलं तरी ते कुरकूर करत नाहीत. तीस ओलांडले की गणित बदलतं. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा अंशभर चढून काही आठवडे तसंच राहिलं तर प्रवाळ पांढरे पडायला लागतात. मन्नारच्या आखातात १९९८, २०१० आणि २०१६ साली हे होऊन गेलंय. बॉक्समध्ये आपण पाच-सहा अंशांचा चढ एका दुपारीत देतो, तोही मूठभर पाण्यात.

त्यात अंधार. कोरलच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल उजेडात ऑक्सिजन बनवतं, बंद बॉक्समध्ये मात्र तेही नुसतं श्वास घेत बसतं. पाणी तापलं की त्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो आणि आतल्या जिवांची गरज वाढते. म्हणून पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन हा जुना नियम उन्हाळ्यात मोडू नये. विमानाने येणारी पिशवी मात्र ढोलासारखी ताणून भरू नका, वर हवेचा दाब उतरला की ती फुगते आणि रबरबँडपाशी झिरपते.

जातीजातीत फरक आहेच. मशरूम आणि झोआ चिवट. लेदर मध्यम, पण स्राव फार सोडतं, त्याला पाणी सढळ द्यावं लागतं. झेनिया प्रवासाला नालायक. मे महिन्यात झेनिया मागवणाऱ्याला मी सरळ सांगतो, पावसाळ्यापर्यंत थांबा.

थर्माकोलचं गणित

थर्माकोल थंड करत नाही. आत जे असेल ते धरून ठेवतो, आणि तेही काही काळच. विक्रेत्याच्या दुकानात पंखा आहे, एसी नाही, पाणी ३० अंशांचं, तर उत्तम थर्माकोल ते ३० अंशच सांभाळून तुमच्या घरी आणणार.

आकडे मांडून बघू. एक फुटाच्या आसपासचा नेहमीचा छोटा बॉक्स घ्या, ३० बाय २५ बाय २५ सेंटिमीटर, भिंत एक इंची, आत सगळ्या पिशव्या मिळून ३ लिटर पाणी, सुरुवात २६ अंशांवर. बाहेर ३८. अशा बॉक्सचं पाणी पहिल्या तासाला साधारण दीड अंशाने चढतं. चार तासांत ते ३१ च्या जवळ जातं. पुण्यात एप्रिल-मे महिन्यात दुपारी ३८ हा काही अपवाद नाही, आणि उभ्या टेम्पोच्या आत तर तो आकडाही कमीच.

भिंत दोन इंची केली तर त्याच चार तासांत पाणी २९ च्या आसपास थांबतं. आणि आता खरी गंमत: भिंत एक इंचीच ठेवून आत २५-२६ अंशांच्या साध्या पाण्याच्या दोन एक-लिटरी बाटल्या टाकल्या तरी उत्तर तेवढंच येतं, २९. पाणी तापायला जितकी उष्णता मागतं तितकी घरातली दुसरी कुठलीही स्वस्त वस्तू मागत नाही. बाटल्या गोठवायच्या नाहीत, फक्त टँकच्याच तापमानाच्या भरायच्या. वजन वाढतं, पार्सलचे चार पैसे जास्त जातात, विक्रेते म्हणूनच टाळतात. पण आइस पॅकपेक्षा हा उपाय कितीतरी भरवशाचा आहे, कारण यात थंडी बाधण्याचा प्रश्नच नाही आणि हीच बाटली हिवाळ्यातही तितकीच कामाची.

याच हिशेबाने मोठा बॉक्स नेहमी छोट्यापेक्षा बरा. तिघांनी तीन छोटे बॉक्स मागवण्यापेक्षा एकत्र मिळून एक मोठा मागवावा. कोथरूडचा, औंधचा आणि हडपसरचा अशा तिघांनी एकत्र यायचं म्हणजे रविवारी कोणी कुठे यायचं यावरच आधी अर्धा तास फोन होतात, पण जीव वाचतात हे खरं.

बॉक्स विकत घ्यायचीही गरज नाही. ओळखीच्या औषधाच्या दुकानात विचारून ठेवा. इन्सुलिन आणि लशी ज्या खोक्यांतून येतात ते थर्माकोल जाड आणि झाकण चपखल बसणारं असतं, आणि दुकानदाराला ती अडगळच असते.

बर्फ: किती, कुठे आणि केव्हा नको

अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली गोठवून बॉक्समध्ये ठेवायची, हा आपल्याकडचा सर्रास रिवाज. वरच्याच बॉक्सवर हिशेब करा. ३ लिटर पाणी २६ अंशांवर, त्यात अर्धा किलो बर्फ. बाहेरून अजिबात उष्णता आली नाही आणि बर्फ पूर्ण विरघळला तर सगळ्याचं तापमान अकरा अंशांवर येऊन थांबेल. अकरा! दोनशे ग्रॅम बर्फ टाकला तरी एकोणीस-वीस. प्रत्यक्षात बाहेरून उष्णता येत राहते म्हणून आकडा इतका खाली जात नाही, पण त्याचाच अर्थ असा की तुम्ही बर्फ टाकताना बाहेर ऊन असेल यावर पैज लावलेली असते. बॉक्स रात्री निघाला, पावसात निघाला, किंवा कोणी भल्या माणसाने दया येऊन एसी ऑफिसात ठेवला, की पैज हरली.

वरच्या उदाहरणात चार तासांच्या ३८ अंशांना तोंड द्यायला खरं तर पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम बर्फ पुरतो. म्हणजे दुपारच्या मुंबई–पुणे प्रवासाला एक छोटी, २०० मिलीची बाटली. तीही पिशव्यांच्या वर, झाकणाखाली, रद्दीच्या चार-पाच घड्यांत गुंडाळून. खाली नाही, बाजूला नाही, पिशवीला खेटून तर नाहीच.

बर्फ फ्रीजरमधून काढून थेट बॉक्समध्ये टाकू नका. घरच्या फ्रीजरमधला बर्फ उणे पंधरा-अठराचा असतो. लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्रात ताई काय करतात ते कधी बघा: आइस पॅक बाहेर काढून टेबलावर ठेवतात, त्याला घाम फुटू देतात, मग कानाशी नेऊन हलवतात. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच तो व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये जातो, कारण काही लशी गोठल्या की वाया जातात. कोरलच्या बॉक्सला हीच पद्धत लावा. आवाज आला म्हणजे पॅक शून्यावर आला, त्याखाली राहिला नाही.

२२-२४ अंशांना विरघळणारे पीसीएम पॅक (बर्फाऐवजी ठराविक तापमानाला गोठणारा पदार्थ भरलेले) औषधवाहतुकीत वापरतात. ते मिळाले तर उत्तमच: फ्रीजरमधून थेट काढलेले नसतील तर बावीसच्या फार खाली ते काही नेत नाहीत. महाग पडतात, पण परत येतात, परत वापरता येतात. नेहमी मागवणाऱ्या दोघा-तिघांनी मिळून घ्यायची चीज.

सुका बर्फ कोणी सुचवला तर नमस्कार करून विषय बदला. तो उणे ७८ अंशांचा असतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो.

बॉक्स कुठे पडून राहतो

मे महिन्यातल्या मुंबईची रात्र पुण्यापेक्षा उकाड्याची असते, हे आपण रोज बोलतो, पण बॉक्स मागवताना विसरतो. मुंबईत रात्रीही पारा २७-२८ च्या खाली फारसा उतरत नाही. पुण्यात पहाटे २३-२४ असतो. म्हणजे दादर किंवा सायनहून रात्री अकरा-बाराला निघालेला बॉक्स घाट चढेपर्यंत आपोआप सुखाच्या हवेत येतो. या वेळेला आइस पॅक नकोच. पाणी २५ वर पॅक करा आणि झोपा. त्याच बॉक्सने सकाळी अकराची गाडी पकडली, शनिवार असला आणि खंडाळ्याच्या घाटात कोंडी लागली, तर बर्फाचा कुठलाच हिशेब पुरत नाही.

बेंगळुरूची रात्रीची ट्रॅव्हल्सही चांगली, सबंध रात्र गार हवेतून येते. घोळ होतो तो सकाळी. गाडी सात-आठला कात्रज, नवले पूल किंवा वाकडला बॉक्स उतरवते, आणि आपण ऑफिस उरकून ‘संध्याकाळी येतो’ म्हणतो. पार्सल ऑफिस म्हणजे बहुतेक वेळा पत्र्याचं शेड. रात्रभर २५ वर आलेला बॉक्स दुपारी दोनपर्यंत त्या पत्र्याखाली ३२ ला जातो आणि मग आपण विक्रेत्याला फोटो पाठवतो. ज्या दिवशी सकाळी स्वतः जाता येणार नाही त्या दिवशी बॉक्स मागवूच नका. रिक्षावाल्याला किंवा डिलिव्हरीच्या पोराला पाठवलंत तर तो आणखी तीन पार्सलं घेऊन, मागच्या डब्यात उन्हात शिजवत आणतो.

डिकीचं सांगायलाच हवं. एसी बसमध्ये एसी माणसांना असतो, सामानाला नाही. बऱ्याच मोठ्या ट्रॅव्हल्सचं इंजिन मागे असतं आणि मागच्या चाकांजवळचा डिकीचा भाग चांगलाच तापतो. बॉक्स चढवणाऱ्याला एवढंच म्हणायचं: “काका, जिवंत मासे आहेत, पुढच्या डिकीत ठेवा, वर काही ठेवू नका.” कोरल म्हटलं तर कोणाला काही कळत नाही, मासे म्हटलं की माणूस जरा हलक्या हाताने ठेवतो. बॉक्सवर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात ‘जिवंत मासे, उन्हात ठेवू नये’ लिहिलेलं असावं. बॉक्स काळ्या कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळून पाठवणाऱ्यांना काय म्हणावं? काळा रंग ऊन पितो, पांढरा पुठ्ठा परतवतो.

चेन्नईचा माल विमानाने येतो. उड्डाण पावणेदोन तासांचं असलं तरी त्यावर जाऊ नका. आधी कार्गोत जमा करण्याचे तास, नंतर लोहगाव विमानतळावर सोडवण्याचे तास, आणि मधला धावपट्टीजवळच्या उघड्या ट्रॉलीवरचा वेळ. तापमान चढतं ते तिथे. लोहगाव, कोरेगाव पार्क या भागांत उन्हाळ्यात पारा शिवाजीनगरपेक्षा दोनेक अंशांनी वरच असतो, तेव्हा ‘आज पुण्यात ३८’ या बातमीवर विसंबू नका. पहाटे किंवा रात्री उतरणारं विमान मागून घ्या, मिळालं नाही तर दोन इंची बॉक्सचा आग्रह धरा.

हिवाळा

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा-अकरा अंश ही नेहमीची गोष्ट, पाषाण आणि एनडीएच्या बाजूला त्याहून कमी. तो छोटा एक इंची बॉक्स २५ अंशांवर निघून अशा हवेत सहा तास राहिला तर आतलं पाणी १७ च्या घरात येतं. मशरूम हे सोसतील, क्लाउनफिश लोळायला लागेल. दोन इंची भिंत आणि त्यात दोन जादा बाटल्या घातल्या तर तेच पाणी साडेएकवीसला थांबतं. म्हणून मी पुण्यापुरतं तरी हीट पॅकच्या विरुद्ध आहे. रात्रीऐवजी दिवसाची गाडी निवडा, उन्हाळ्याच्या बरोबर उलट, आणि झालं.

तरीही वापरायचाच असेल तर वाहतुकीसाठी बनवलेला, सावकाश तापणारा पॅक घ्या. ट्रेकवाले हात शेकायला वापरतात ते छोटे पॅक पन्नास अंशांच्याही वर जातात. पिशवीला लागले तर तेवढ्या जागचं पाणी भाजतं. पॅक बॉक्स बंद करण्याआधी अर्धा-पाऊण तास उघडून गरम होऊ द्या, झाकणाच्या आतल्या बाजूला टेपने लावा, त्याच्या आणि पिशव्यांच्या मध्ये पुठ्ठा ठेवा, आणि झाकणात पेन्सिलच्या टोकाएवढी दोन-तीन भोकं पाडा. भोकं पाडल्याने थंडी आत येईल असं वाटतं, पण भोकांशिवाय पॅक म्हणजे नुसती लोखंडाची पूड. तळाशी तर कधीच ठेवू नका. एक पिशवी गळली की पॅक भिजून विझतो.

अंदाज नको, मोजा

किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, दर तासाची नोंद ठेवणारा डेटा लॉगर त्याहून महाग. पहिल्यांदा नव्या विक्रेत्याकडून मागवताना त्याला विनंती करा: आधी एक रिकामा बॉक्स पाठव, त्यात फक्त मिठाच्या पाण्याच्या पिशव्या आणि हा थर्मामीटर, त्याच गाडीने, त्याच वेळेला. थर्मामीटरचा सेन्सर पिशव्यांच्या मधोमध हवा. भिंतीला लावला तर भिंतीचं तापमान दाखवतो. लोक म्हणतात रिकाम्या बॉक्सचं भाडं कशाला भरायचं. एका बऱ्या झोआच्या फ्रॅगची किंमत आणि त्या बॉक्सचं भाडं शेजारी शेजारी लिहून बघा.

लॉगरचा आलेख मिळाला तर तापमान कुठल्या तासाला चढलं ते बघा आणि तो तास गाडीच्या वेळापत्रकाशी ताडा. चढ गाडी चालू असताना दिसला तर डिकीची जागा बदला. गाडी पोचल्यानंतर दिसला तर बॉक्स घ्यायला जायची वेळ. आणि आलेख सुरुवातीलाच तिशीवर असेल तर बाकी काही बघू नका, पाठवणाऱ्याच्या दुकानातच पाणी गरम होतं.

घरी आल्यावर

इथे कोरल आणि मासा यांना वेगळं वागवायचं.

कोरलची पिशवी न सोडता सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) किंवा टँकमध्ये तरंगत ठेवा, दिवे बंद. फरक दोन-तीन अंशांचा असेल तर वीस मिनिटं पुरतात. ३२ ची पिशवी २५ वर आणायची असेल तर तासभर द्या. बर्फाच्या पाण्यात बुडवून ‘पटकन गार’ करू नका, उन्हाने जेवढं बिघडलं त्यात भर पडते. पिशवीचं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. पुढचे दोन-तीन दिवस दिवा मंद. उष्णता लागलेलं कोरल त्याच दिवशी काही सांगत नाही: रंग उतरणं, कडा गळणं चार-पाच दिवसांनीही दिसतं. बंद असलेले झोआ मेलेलेच असतात असं नाही. वास येऊन लगदा सुटायला लागला तर मात्र तेवढा तुकडा लगेच बाहेर काढा.

माशाच्या बाबतीत गोम अमोनियाची आहे. बंद पिशवीत मासा कार्बन डायऑक्साइड सोडतो, पाण्याचा पीएच उतरतो, आणि उतरलेल्या पीएचला साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो. एक अंक चढला की विषारी अमोनियाचा वाटा सुमारे दहापट होतो. दहा-बारा तास प्रवास केलेल्या क्लाउनफिशची पिशवी उघडून त्यात दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसलं तर मासा आपल्या डोळ्यांदेखत जातो आणि खापर तापमानावर फुटतं. तापमान बंद पिशवीतच जुळवा, पाण्याचा खारटपणा आधीच विक्रेत्याला विचारून टँकशी जुळता ठेवा, आणि पिशवी उघडली की मासा जाळीने थेट टँकमध्ये. पाठवण्याआधी एक-दोन दिवस त्याला खाणं दिलेलं नसावं, हेही विचारून घ्या.

झोआची पिशवी वाटेत फुटली असेल, किंवा झोआ गरमीने गळून पाणी गढूळ झालं असेल, तर हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय बॉक्सला हात लावू नका. झोआंमध्ये, विशेषतः पॅलिथोआ जातीत, पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. हाताला जखम असेल तर दुसऱ्याला सांगा. आणि तो दगड किंवा फ्रॅग चिकटवलेली चकती ‘निर्जंतुक करू’ म्हणून उकळत्या पाण्यात मुळीच टाकू नका: उष्णतेने हे विष मोडत नाही, वाफेबरोबर घरभर पसरतं आणि अशाने अख्खी कुटुंबं दवाखान्यात गेलेली आहेत. सांडलेलं पाणी ब्लीच घालून, खिडक्या उघडून, थंडच पुसा.

भरपाई मागायची असेल तर पुरावा पिशवी बंद असतानाच तयार करा. बॉक्स सीलबंद असतानाचा फोटो, झाकण उघडल्याबरोबर पिशव्यांची मांडणी, बंद पिशवीला टेकवलेल्या थर्मामीटरचा आकडा, पॅकची अवस्था, आणि पार्सलच्या पावतीवरची उतरवल्याची वेळ. कोरल टँकमध्ये गेल्यानंतरचे फोटो कुठलाच विक्रेता मानत नाही, आणि त्यात त्याचं चुकतंय असं मला तरी वाटत नाही.